दसऱ्याला गावी निघण्याआधी पिशवीत गोळ्या टाका

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत लुपिनचा कारखाना आहे आणि तिथे क्षयरोगाच्या गोळ्या बनतात. रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधं एकाच गोळीत. अशा गोळ्या बनवणाऱ्यांची तपासून मान्य केलेली यादी जागतिक आरोग्य संघटना ठेवते, आणि त्या यादीत ‘चिकलठाणा, औरंगाबाद’ हा पत्ता आहे. म्हणजे ज्या देशांची नावं आपल्याला नकाशात शोधावी लागतील, तिथले रोगीही आपल्या गावच्या गोळ्यांवर बरे होत असतील. आणि त्याच कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर कुणाच्या तरी पत्र्याच्या खोलीत, फळीवर, अर्धं संपलेलं पाकीट धूळ खात पडलेलं असणार. घेणारा ‘आता बरं वाटतंय’ म्हणून कामाला लागलेला असणार.

हे आवाहन त्या माणसासाठी, त्याच्या खोलीतल्या सोबत्यांसाठी, त्याच्या ठेकेदारासाठी आणि घरमालकासाठी आहे. ते घाईचं आहे, कारण गणपती उठले. पितृपक्षाचा पंधरवडा जाईल, घट बसतील आणि दसरा येईल. हातात जेमतेम पंचवीस दिवस आहेत.

दसरा झाला की आपल्या भागातली माणसं हलतात. ठेक्यावरचा कामगार सोयाबीन काढायला, कापूस वेचायला जालन्याकडे, परभणीकडे, बुलढाण्याकडे गावी जातो. दिवाळी करून परततो, कधी परतच येत नाही. पैठण, कन्नड, बीड, जालन्याच्या खेड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन साखर कारखान्यांवर निघतात, त्या थेट गुढीपाडव्याच्या सुमाराला घर बघतात. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा. उसाचा हंगामही साधारण तेवढाच. श्रावणात ज्याने गोळ्या सुरू केल्या, त्याचे पहिले दोन-अडीच महिने दसरा-दिवाळीच्या आसपास भरतात. नेमका याच टप्प्यावर खोकला थांबलेला असतो, संध्याकाळचा ताप गेलेला असतो, गालावर थोडं मांस आलेलं असतं. शरीर सांगतं, झालं. जंतू मात्र छातीत दबा धरून असतात. बाकीचे चार महिने त्यांच्यासाठी आहेत.

सलग महिनाभर गोळ्या बंद पडल्या की सरकारी दप्तरात ‘उपचार सोडला’ अशी नोंद होते. रोग पुन्हा उसळला की उरलेले जंतू जुन्या औषधांना दाद देतीलच असं नाही. मग औषधं बदलतात, तपासण्या वाढतात. औषधाला न जुमानणाऱ्या क्षयावर आधी दीड-दीड वर्षाहून जास्त उपचार चालायचे. २०२४च्या सप्टेंबरात देशात चार औषधांच्या नव्या सहा महिन्यांच्या उपचाराला मान्यता मिळाली, ही मोठी सोय झाली. पण त्यातली औषधं जड आहेत आणि ती प्रत्येकाला चालत नाहीत. शिवाय तोवर खोलीत झोपणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या छातीत तेच निबर जंतू गेलेले असू शकतात.

अशा माणसाला आपण पटकन बेजबाबदार म्हणतो. ‘सरकार फुकट देतंय, तरी घेत नाही.’ हे बोलणं सोपं आहे आणि बहुतेक वेळा चुकीचं.

१९९२ साली बार्नहोर्न आणि अद्रिआन्से या दोन संशोधकांचा वर्धा जिल्ह्यातला अभ्यास प्रसिद्ध झाला. काही रोग्यांनी उपचार नीट घेतले होते, काहींनी सोडले होते. या दोघांत फरक कशाचा, एवढाच त्यांचा प्रश्न. जे फरक समोर आले त्यांत घरातलं माणशी उत्पन्न होतं, कुटुंबाची महिन्याची कमाई होती आणि राहायचं घर कसलं आहे, हेही होतं. घराच्या भिंतीचा आणि गोळी गिळण्याचा काय संबंध, असं वाटेल. संबंध असा की कच्च्या घरातला माणूस बहुतेक रोजंदारीवर असतो आणि रोजंदारीवरच्या माणसाच्या आयुष्यात ‘रोज सकाळी ठरल्या वेळी’ असं काही नसतं.

त्याहून जुनी गोष्ट मद्रासची. १९५६मध्ये तिथे एक प्रयोग सुरू झाला. निम्म्या रोग्यांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं: खाट, आराम, चांगलं जेवण. निम्म्यांना गोळ्या देऊन झोपडपट्टीतल्या आपापल्या घरी पाठवलं, गर्दीत आणि अपुऱ्या अन्नावर. तोवर जगभर समजूत अशी की क्षयाला हवापालट आणि विश्रांती हाच उतारा. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीचं सॅनिटोरियम त्याच काळातलं. पण मद्रासच्या प्रयोगात घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना लागणही जास्त झाली नाही. जगभर मग सॅनिटोरियमं बंद होत गेली. गरीब घरातही क्षय बरा होतो, हे भारताने जगाला दाखवलं. मात्र त्याच प्रयोगावर काम करणाऱ्या वॉलेस फॉक्स या डॉक्टरांनी लगेच दुसरा प्रश्न मांडला: माणूस घरी गेला की गोळी रोज घेतो का, हे बघणार कोण? जवळपास सत्तर वर्षं झाली, आपण अजून त्याच प्रश्नाशी झगडतो आहोत.

उपचार सुरू होतो त्या दिवशी कागदावर वय, बाई की पुरुष, वजन, पत्ता, काम, मधुमेह आहे का, दारू-तंबाखू आहे का, हे सगळं लिहिलं जातं. लिहून वर पाठवलं जातं. माझं म्हणणं एवढंच की तोच कागद नीट वाचला, तर कोणाच्या गोळ्या कुठे अडणार हे बऱ्यापैकी आधी कळतं. मग अडायची वाट कशाला बघायची? उपचार त्या माणसाच्या दिवसाला जुळवून घ्या, आणि ते काम एकट्या दवाखान्याचं नाही.

मुकुंदवाडी, चिकलठाणा, ब्रिजवाडी, नारेगाव या पट्ट्यात जो सगळ्यांत जास्त भेटतो, त्याच्यापासून सुरुवात करू. विशी-पंचविशीतला मुलगा, ठेक्यावर, चौघांत मिळून एक खोली, वजन पन्नाशीच्या आत. पस्तीस ते एकोणपन्नास किलोच्या माणसाला रोज तीन गोळ्या, पन्नाशी ओलांडली की चार. गोळ्या सकाळी उपाशीपोटी घ्यायला सांगतात. फर्स्ट शिफ्टला सातला गेटवर पोचायचं तर हा साडेपाचला उठतो, गोळ्या घेतो आणि चहाही न पिता निघतो. कंपनीच्या बसमध्ये मळमळतं. लाइनवर उभं असताना उमासे येतात, सुपरवायझर बघतो. लघवी केशरी होते. ती रिफाम्पिसिनमुळे होते, घाबरायचं काही नसतं, पण खोलीतल्या इतरांनी पाहिलं की चर्चा सुरू होते. मग तो शिफ्टच्या दिवशी गोळ्या टाळतो आणि सुट्टीच्या दिवशी घेतो. आठवड्याला सुट्टी एक.

अशा मुलांनो, ऐका. मळमळ होत असेल तर गोळ्या बंद करू नका. आरोग्य केंद्रात जाऊन सांगा. थोड्या खाण्याबरोबर किंवा रात्री झोपताना घेण्याची मुभा डॉक्टर देऊ शकतात. थर्ड शिफ्ट लागली तर वेळ पुन्हा बदलून घ्या. हातापायांना मुंग्या येत असतील तर त्यावर बी-सहा जीवनसत्त्वाची गोळी मिळते. मात्र डोळे किंवा लघवी गडद पिवळी दिसू लागली, अन्नाची शिसारी आली, दिसायला धूसर झालं, तर शिफ्ट सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठा. ही लक्षणं अंगावर काढण्याची नाहीत.

आता दुसरी अडचण, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. औषध फुकट मिळतं, पण ते आणायला गेलेल्या दिवसाची हजेरी जाते. केंद्राची वेळ सकाळची आणि फर्स्ट शिफ्टही सकाळची. महापालिकेच्या आरोग्य विभागाला विनंती आहे की एमआयडीसीला लागून असलेल्या केंद्रांत आठवड्यातून एक तरी संध्याकाळ, चार ते आठ, क्षयाच्या गोळ्यांची खिडकी उघडी ठेवा. जास्तीचं कुणी नेमावं लागणार नाही, फक्त वेळ सरकवायची आहे. रोग्याच्या वतीने खोलीतला सोबती, शेजारी, आशाताई कुणीही गोळ्या आणू शकतं, हेही लोकांना माहीत नसतं. गोळ्या नियमित चालू आहेत ना हे बघणारा उपचार साथी कुणीही होऊ शकतो. साध्या क्षयाचा उपचार पूर्ण झाला की त्याला एक हजार रुपये मानधनही आहे, औषधाला न जुमानणाऱ्या क्षयासाठी पाच हजार.

आणि ठेकेदारांनो, तुमच्याशी जरा स्पष्ट बोलतो. तुमच्या कामगाराच्या पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जात असतील, तर क्षय झाल्यावर त्याला काय मिळतं हे तुम्हाला माहीत असायला हवं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार या योजनेत येतो. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. पण काही लांब चालणाऱ्या आजारांची वेगळी यादी आहे, चौतीस आजारांची, आणि क्षयरोग त्यात आहे. दोन वर्षं नोकरी आणि ठरलेले हप्ते भरलेले असतील तर या यादीतल्या रोग्याला पगाराच्या ८० टक्के, आणि तेही दोन वर्षांपर्यंत मिळू शकतात. पहिले दोन महिने घरी बसून गोळ्या घेतल्या तरी चूल पेटती राहू शकते, असा याचा अर्थ. १९४८च्या विमा कायद्यातच आणखी एक तरतूद केली गेली: आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढायचं नाही. इतकं सगळं कागदावर असताना कामगार आजार लपवतो, कारण कळलं की उद्यापासून येऊ नको म्हणतील ही भीती. ती भीती तुम्हीच घालवू शकता. गेटवर सगळ्यांसमोर एकदा सांगा: ‘टीबी झाला म्हणून इथून कुणाला काढणार नाही.’ एवढं वाक्य पुरेसं आहे. बाकी कामाला कामगार विमा रुग्णालय चिकलठाणा एमआयडीसीतच आहे.

कामगारांनी एक लक्षात ठेवावं. ठेकेदार बदलला, कंपनी बदलली तरी विमा क्रमांक तोच राहतो. नवा ठेकेदार नवं कार्ड काढून देतो म्हणाला तर हो म्हणू नका, जुना नंबर द्या. दोन वर्षांचा हिशोब त्यावर बसतो. नव्या नंबरापायी मागची सेवा हिशोबातून निसटते आणि ८० टक्क्यांवर पाणी सोडावं लागतं. पगाराच्या स्लिपवर हा नंबर दिसतो का, आज रात्रीच बघा.

उपचार मध्येच सोडण्यात पुरुष पुढे असतात, हे देशात आणि बाहेरही बऱ्याच पाहण्यांत दिसलं आहे. बाया एकदा गोळ्या सुरू झाल्या की बहुधा चिकाटीने पूर्ण करतात. त्यांची अडचण त्याच्या आधी असते. पुण्याच्या फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेच्या संशोधकांनी ग्रामीण महाराष्ट्रात क्षयरोग आणि बाई-पुरुष भेद यावर बरंच काम केलं. पण भीती समजायला संशोधन वाचायची गरज नाही, आपल्या कोणत्याही गल्लीत ती माहीत आहे. लग्नाची मुलगी खोकते तर बाप दूरच्या डॉक्टरकडे नेतो. नवी सून खोकते तर तिला ‘जरा आराम कर’ म्हणून माहेरी पाठवतात, आणि माहेरी गेलेल्या सुनेच्या गोळ्या सासरच्या केंद्रात पडून राहतात. दोन्ही घरांना वाटतं दुसरं घर बघतंय. सासूबाईंनो, तुमच्या हातात फार आहे. सून परतल्यावर तिच्यासमोर गोळ्यांचं पाकीट ओट्यावर, सगळ्यांना दिसेल असं ठेवा. जी गोष्ट लपवायची नाही ती विसरलीही जात नाही.

बायांना दोन गोष्टी डॉक्टर सांगायला विसरतात. रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही; दुसरी साधनं वापरा, आशाताईला विचारा. आणि दिवस गेले तरी क्षयाच्या नेहमीच्या गोळ्या बंद करायच्या नसतात, अंगावर पाजणाऱ्या आईनेही नाही. ‘पोटात बाळ आहे, गरम औषध नको’ असं घरची मोठी माणसं प्रेमाने सांगतात. त्यांना नमस्कार करा आणि गोळी घ्या.

पन्नाशी-साठीच्या माणसांचं चित्र वेगळं. बीपीच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, त्यात या. कोणत्या घेतल्या हेच आठवत नाही. साखर वाढलेली असेल तर क्षय आटोक्यात यायला वेळ लागतो आणि क्षयाच्या गोळ्यांनी काही साखरेच्या गोळ्यांचा जोर कमी होतो. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधं दाखवा. आजोबांच्या गोळ्या नातवाने द्याव्यात; शाळेत जाणाऱ्या मुलाला हे काम दिलं की तो विसरत नाही.

दारूचं काय? यावर उपदेश करणाऱ्यांची कमी नाही, मी करणार नाही. पण एक समजूत मोडायला हवी. प्यायलेल्या दिवशी गोळी घेतली तर विष होतं, असं ऐकून माणूस पिण्याच्या दिवशी गोळी सोडतो. मग रोज पितो तो रोज सोडतो. दारू आणि क्षयाच्या गोळ्या दोन्हीही यकृतावर ताण देतात, हे खरंच आहे, म्हणून दारू सुटली तर उत्तम. नसेल सुटत तर डॉक्टरांना खरं सांगा. ते रक्त तपासून लक्ष ठेवतील. गोळी सोडणं हा त्यावर उपाय नाही.

घरमालकांना हात जोडून सांगायचं आहे. भाडेकरूला क्षय आहे कळल्यावर खोली खाली करायला लावू नका. क्षय हवेतून, खोकल्यातून पसरतो. ताट-वाटीतून, संडासातून, कपड्यांतून नाही. योग्य औषध सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत त्याची लागण करण्याची ताकद खूप कमी होते. म्हणजे गोळ्या घेणारा भाडेकरू तुमच्या वाड्यातला सगळ्यांत कमी धोक्याचा खोकणारा असतो. धोका त्याचा आहे जो खोकतो आणि तपासत नाही. २०१९ ते २०२१ या काळात देशभर जी क्षयरोग पाहणी झाली, तिच्यात क्षयाची लक्षणं असणाऱ्या १०० पैकी ६४ जण कोणत्याच दवाखान्यात गेले नव्हते. हाकलायचीच असेल तर ती खोलीतली कोंदट हवा हाकला. खिडकीवर ठोकलेला पत्रा काढा.

रोग्यावर सगळं ढकलणारे आपण सगळेच मोठ्या चित्रात कुठे आहोत, हेही बघू. २०१३ सालचा हिशोब काही संशोधकांनी मांडला होता: देशातल्या सुमारे २७ लाख क्षयरोग्यांपैकी सरकारी कार्यक्रमात निदान होऊन, नोंद होऊन, उपचार पूर्ण झाले ते १०० पैकी ४५ जणांचे, वर्षभर पुन्हा न उलटता बरे राहिले ३९. जे गळाले त्यांतले बरेच गोळी हातात पडण्याआधीच गळाले. आणि २०२४च्या मार्च-एप्रिलात तर देशात बऱ्याच ठिकाणी केंद्रांवरच गोळ्या नव्हत्या. महिन्याऐवजी चार-चार दिवसांचं पाकीट मिळत होतं. ज्या गावात गोळ्या बनतात, त्या गावातल्या माणसाने केंद्रातून रिकाम्या हाताने परतावं, याला काय म्हणायचं? तेव्हा केंद्रात गोळ्या संपल्या तर गप्प घरी येऊ नका. क्षयरोग कार्यालयात लेखी द्या, नगरसेवकाला सांगा, १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर फोन करा. खंड कुणामुळेही पडला तरी जंतूला त्याने फरक पडत नाही.

खासगी दवाखान्यांबद्दलही बोललं पाहिजे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत धारावीतल्या १०० खासगी डॉक्टरांना क्षयाचा उपचार विचारला होता, तर ८० वेगवेगळ्या औषधयोजना निघाल्या. तेव्हापासून बरंच सुधारलं, २०१२पासून प्रत्येक क्षयरोग्याची नोंद सरकारला कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तरी आपल्याकडे माणूस आधी जवळच्या दवाखान्यात जातो, गोळ्या मेडिकलमधून विकत घेतो आणि पैसे संपले की चार गोळ्यांच्या दोन करतो. मेडिकलवाल्यांनो, क्षयाची औषधं एच-एक यादीत आहेत, २०१४पासून त्यांची नोंद ठेवावी लागते, हे तुम्ही जाणताच. नोंदीपलीकडे एक करा. दर महिन्याला येणारं गिऱ्हाईक अचानक आलं नाही किंवा ‘अर्धीच स्ट्रिप द्या’ म्हणालं, तर त्याला बाजूला घेऊन सांगा की याच गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात आणि आपल्या डॉक्टरांचा उपचार न सोडताही त्या मिळू शकतात. एक गिऱ्हाईक कमी होईल. होऊ द्या.

आता पोटाचा प्रश्न. झारखंडमध्ये झालेला आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सगळ्या गणेश मंडळांनी वाचावा असा आहे. सुमारे २,८०० रोग्यांना उपचारासोबत महिन्याला १० किलो शिधा दिला, आणि काही घरांत रोग्याच्या कुटुंबीयांनाही. ज्या घरांत कुटुंबालाही शिधा मिळाला, तिथल्या माणसांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी दिसलं. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रोग्यांचं वजन वाढलं, त्यांचे मृत्यूही बरेच कमी झाले. उपाशीपोटी तीन गोळ्या घेणाऱ्याला पुढे दिवसभर पोटात काय पडणार, हा गोळीइतकाच मोठा प्रश्न आहे. सरकार निक्षय पोषण योजनेत रोग्याच्या खात्यावर महिन्याला १,००० रुपये देतं. २०१८ला सुरुवात झाली तेव्हा ५०० होते, नोव्हेंबर २०२४पासून दुप्पट झाले. खासगीत उपचार घेणाऱ्यालाही, नोंद झालेली असेल तर, ते मिळतात. फक्त खातं आधारला जोडलेलं आणि चालू हवं. बाईच्या नावावर खातं नसेल तर नवऱ्याच्या खात्यावर मागू नका, तिचं उघडून द्या.

विसर्जन झालं, वर्गणीचा हिशोब अजून मिटायचा आहे. मंडळांनो, शिल्लक उरली असेल तर पुढच्या वर्षीच्या मखरासाठी बाजूला टाकण्याआधी मिनी घाटीत, म्हणजे चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात, चौकशी करा. निक्षय मित्र म्हणून नोंद करून एखाद्या रोग्याला सहा महिने शिधा देता येतो. मंडळाचा फलक लावायचा मोह होईल. रोग्यासोबत फोटो काढू नका, त्याच्या दारात गर्दी करू नका. शिधा आशाताईच्या हाती द्या. याच कारणाने गल्लीत कोणाकोणाला क्षय आहे याची यादीही कुणी करू नये. त्या यादीने एक माणूस लपला तरी दहा माणसांचा तोटा होतो.

ज्यांच्या गोळ्या आधीच सुटल्या आहेत त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. ओरडा बसेल म्हणून जायला लाज वाटते, हे समजू शकतो. तरी जा. उरलेल्या जुन्या पाकिटातल्या गोळ्या मनाने पुन्हा सुरू करू नका. बेडक्याची नवी तपासणी होईल, जंतू औषधांना दाद देतात का हे मशीनवर काही तासांत कळतं, आणि उपचार त्याप्रमाणे ठरेल. तपासणी मोफत आहे. कुणी चढ्या आवाजात बोललं तर ऐकून घ्या, पण पाकीट घेऊनच बाहेर पडा.

आणि जे गावी किंवा कारखान्यावर निघणार आहेत, त्यांनी दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात केंद्रात जावं. आपण कोणत्या गावाला, कोणत्या तालुक्यात, किती दिवसांसाठी जाणार हे सांगावं. उपचाराची नोंद निक्षय या संगणकीय व्यवस्थेत असते, ती देशात कुठेही वर्ग होते; दिलेला नंबर मोबाइलमध्ये आणि आधार कार्डाच्या झेरॉक्सवरही लिहून ठेवा, कारण मोबाइल हरवतात. प्रवासासाठी पुरतील एवढ्या गोळ्या मागून घ्या. मोठी पिशवी बसच्या टपावर जाते, म्हणून गोळ्या खिशात किंवा हातातल्या थैलीत ठेवा. गावी पोचल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी तिथलं उपकेंद्र शोधा, पाकीट संपायची वाट बघू नका.

मुकादमांनो, टोळी ठरवताना तुम्ही प्रत्येक कोयत्याला विचारता, किती उचल हवी. या वेळी एक प्रश्न जास्त विचारा, आणि तो एकेकाला बाजूला घेऊन विचारा: गोळ्या चालू आहेत का? असतील तर त्या माणसाला फडावर पोचल्यापासून आठवड्याच्या आत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला एक सकाळ द्या, आणि त्या सकाळची तोड त्याच्या हिशोबातून कापू नका.